‘सूत्रं विसरा, क्लिक करा’ या फॉरवर्डला उत्तर

रविवारी सकाळी भाच्याचा मेसेज आला. तो डिप्लोमा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टसाठी एका ट्रॉलीची फ्रेम डिझाइन करतोय. वर एक लांबलचक फॉरवर्ड, खाली त्याचा प्रश्न: "मामा, मग आम्हाला एसओएम शिकवतात कशाला?" एसओएम म्हणजे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, वस्तू भाराखाली किती टिकते ते शिकवणारा विषय.

हाच फॉरवर्ड आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता. तेव्हा मी अंगठासुद्धा दिला नव्हता. पण पोरगा त्यावरून फ्रेम करायला निघालाय म्हटल्यावर गप्प बसवेना. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: छेदाचे (दांडा आडवा कापला की दिसणाऱ्या आकाराचे) गुणधर्म काढायला आता सूत्रं नकोत, सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये सगळं देतं. ते सहा दशांशांपर्यंत आकडा देतं, म्हणजे चुकूच शकत नाही. पोलर मोमेंट ऑफ इनर्शियाही देतं, म्हणजे पिळाचं वेगळं गणित करायला नको. मोमेंट ऑफ इनर्शिया (छेदाचा आकार वाकायला किती विरोध करतो त्याचं माप) जास्त तो पार्ट मजबूत. आणि स्टील टेबल, म्हणजे तयार लोखंडी छेदांची मापं आणि गुणधर्म दिलेलं पुस्तक, भंगारात घाला.

आधी जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो. ॲल्युमिनियमच्या खिडकीचं प्रोफाइल, त्यातल्या खाचा, ओठ, गोलाई हे हाताने मोजायला बसलात तर संध्याकाळ होते आणि तरी एखादं चिन्ह चुकतं. असल्या वेड्यावाकड्या छेदाचं क्षेत्रफळ, सेंट्रॉइड (क्षेत्रफळाचा केंद्रबिंदू) आणि वाकण्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया सॉफ्टवेअर आपल्यापेक्षा चांगला काढतं. मीही रोज तेच वापरतो. भूमिती हे त्याचं काम आहे आणि ते काम ते चोख करतं.

पण ‘चुकूच शकत नाही’ म्हणजे काय? ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ५० मिमी चौरस बार मध्य शून्यावर ठेवून काढा, त्याचं रीजन (भरीव आकृती) करा आणि मासप्रॉप ही गुणधर्म छापणारी कमांड द्या. खरं उत्तर बाजूचा चौथा घात भागिले बारा, म्हणजे ५,२०,८३३ मिमी⁴. आता तोच चौरस ड्रॉइंगच्या शून्यापासून १००० मिमी वर सरकवा आणि पुन्हा कमांड द्या. एक्स अक्षाभोवतीचा आकडा येईल २,५०,०५,२०,८३३. बार तोच, आकडा ४८०० पट! सॉफ्टवेअर खोटं बोलत नाहीये. मासप्रॉप मोमेंट ऑफ इनर्शिया चालू यूसीएसच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या, अक्षांभोवती देतो, सेंट्रॉइडभोवती नाही. सेंट्रॉइडभोवतीचे प्रिन्सिपल (सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी) आकडे त्याच यादीत सगळ्यात खाली असतात, पण तिथपर्यंत वाचतो कोण? ज्याला पॅरलल ॲक्सिसचा नियम (अक्ष सरकवला की आकडा किती वाढतो तो) येतो त्याला हा आकडा बघताच खटकतो. ज्याने फॉरवर्ड वाचून सूत्रं विसरली, तो अडीच अब्ज घेऊन पुढे जातो. सहा दशांश तेव्हाही असतातच.

आता मुख्य मुद्दा पिळाचा. या फॉरवर्डमधली हीच ओळ कोणाचं तरी हाड मोडेल.

सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सेक्शन प्रॉपर्टीज उघडलं की सेंट्रॉइडभोवतीचा पोलर मोमेंट दिसतो. तो म्हणजे वाकण्याच्या दोन मोमेंटची बेरीज, बाकी काही नाही. गोल भरीव शाफ्ट किंवा गोल बंद पाइप असेल तर पिळाचा स्थिरांक, म्हणजे छेद पिळाला किती विरोध करतो तो आकडा, तोही तोच येतो. फक्त तेवढ्याचसाठी. फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोमने १७८४ मध्ये पिळाचा नियम मांडला तो गोल तारांवर प्रयोग करून. पुढे नाव्हिएने तोच नियम चौकोनी दांड्यांनाही लावला, आणि ती चूक होती. १८५३ मध्ये सँ-व्हनाँने फ्रेंच अकादमीपुढे निबंध ठेवून दाखवलं की गोल नसलेला दांडा पिळला की त्याचा छेद सपाट राहत नाही, वर-खाली लाटेसारखा होतो, आणि त्यामुळे पोलर मोमेंटचा हिशेब तिथे लागू पडत नाही. म्हणजे फॉरवर्ड ज्याला नवं तंत्रज्ञान म्हणतोय, ती पावणेदोनशे वर्षांपूर्वी दुरुस्त झालेली चूक आहे.

साधी पट्टी घ्या, ५० बाय १०. पोलर मोमेंट १,०८,३३३ मिमी⁴. पिळाचा खरा स्थिरांक साडेचौदा हजारांच्या आसपास. सात पटींहून जास्त फरक, आणि हे तर सोज्वळ उदाहरण झालं.

भाच्याला फोनवर हे पटेना. म्हणून संध्याकाळी त्याला घरी बोलावलं. प्लंबरने टाकून दिलेला हातभर पीव्हीसी पाइप गॅलरीत पडला होता. त्याला दिला आणि म्हटलं, पीळ. दोन्ही हातांनी जोर लावला, चेहरा लाल झाला, पाइप ढिम्म. मग हॅकसॉने त्या पाइपला एका बाजूने लांबीभर उभा काप दिला. ब्लेडच्या जाडीइतकाच, निघाला तो चिमूटभर पांढरा भुसा. परत त्याच्या हातात दिला. पाइप इतक्या सहज पिळला की कापाच्या दोन्ही कडा एकमेकींवरून सरकून पुढे-मागे झाल्या. पोरगा आधी पाइपाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

आता तेच आकड्यात. बाहेरून ६३ मिमी, ३ मिमी जाडीचा लोखंडी पाइप. पोलर मोमेंट सुमारे ५,१०,००० मिमी⁴, आणि पाइप बंद असल्यामुळे पिळाचा स्थिरांकही तोच. त्याला उभी चीर द्या. सॉफ्टवेअरमधला पोलर मोमेंट जेमतेम हलतो, कारण चिरेपुरतंच मटेरियल गेलं. पिळाचा स्थिरांक मात्र उरतो सुमारे १,७००. तीनशे पट कमी! बंद पाइपात शिअरचा (पिळामुळे भिंतीत येणाऱ्या कातर-ताणाचा) प्रवाह भिंतीतून गोल फिरून येतो. चीर पडली की तो फिरू शकत नाही, त्याला ३ मिमी जाडीच्या आतल्या आतच मागे वळावं लागतं. बंद पातळ नळीचं सूत्र म्हणजे भिंतीच्या मध्यरेषेने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गाची चौपट गुणिले जाडी, भागिले परिघ. उघड्या पातळ छेदाचं म्हणजे प्रत्येक तुकड्याची लांबी गुणिले जाडीचा घन भागिले तीन, आणि सगळ्यांची बेरीज. चॅनल, अँगल, वाकवलेला पत्रा हे सगळे या दुसऱ्या जातीचे. दोन ओळींचं गणित आहे, त्याला कंटाळून काय मिळवलं?

मी हे तिखटपणे लिहितोय त्याला कारण आहे. पूर्वी ज्या कारखान्यात होतो तिथे एका ट्रॉलीच्या फ्रेमला तयार बॉक्सऐवजी (बंद चौकोनी पाइपाऐवजी) ३ मिमी पत्रा वाकवून केलेला बॉक्स वापरायचं ठरलं. खर्च वाचवायला शिवण पूर्ण वेल्ड करायची नाही, फक्त दोन टोकांना वेल्डचे टाके. म्हणजे चिरलेला पाइपच. मॉडेलमध्ये शिवणीची फट अर्धा मिलिमीटर होती. पोलर मोमेंट पाहिला, जवळपास जुन्या बॉक्सइतकाच. सगळे खूश. पहिल्याच आठवड्यात ट्रॉलीचं एक चाक गटाराच्या झाकणाच्या कडेवर चढलं आणि फ्रेम ओल्या फडक्यासारखी पिळली. वरचा बिडाचा जॉब घसरून खाली आला. कोणाचा पाय तिथे नव्हता हे नशीब. त्या ड्रॉइंगवर ‘चेक्ड’च्या चौकटीतली सही माझी होती.

‘मोमेंट ऑफ इनर्शिया जास्त तो मजबूत’ याला फार वेळ देत नाही. कोणत्या अक्षाभोवतीचा? भाच्याने ट्रॉलीच्या पायांना ५० बाय ५० बाय ६ चा अँगल (एल आकाराचा छेद) घेतलाय आणि हिशेबात आयएक्सएक्स, म्हणजे एक्स अक्षाभोवतीचा मोमेंट, धरला होता. टेबलात तो १२.९ सेमी⁴. उभा दाबलेला अँगल एक्स अक्षाभोवती वाकत नाही, तिरक्या दुबळ्या अक्षाभोवती वाकतो, आणि तिथे आकडा आहे ५.३. बकलिंगचा (दाबाखाली वाकून कोसळण्याचा) भार निम्म्याहून खाली आला. सॉफ्टवेअरने दुबळ्या अक्षाचा आकडाही छापला होता, प्रिन्सिपल म्हणून, कोनासकट. पोराने वरचा उचलला.

शिवाय एकमेकांवर नुसत्या ठेवलेल्या ६-६ मिमीच्या दोन प्लेटांचे छेद एकत्र निवडले की सॉफ्टवेअर त्यांना १२ मिमीची एकसंध प्लेट समजतं आणि चौपट आकडा देतं. बोल्ट आहे, वेल्ड आहे की काहीच नाही, ते त्याला माहीत नसतं. मास प्रॉपर्टीजमध्येही मोमेंट ऑफ इनर्शिया लिहिलेला असतो, पण तो वस्तुमानाचा, फिरवण्यासाठीचा. वाकण्याच्या गणितात तो घालणारा मी प्रत्यक्ष पाहिलाय. एककाकडे बघितलं असतं तरी कळलं असतं. आणि बांधकामाच्या लोखंडासाठी आयएस ८००:२००७ हे भारतीय मानक प्लास्टिक आणि कॉम्पॅक्ट (ज्यांच्या भिंती लवकर दुमडत नाहीत अशा) छेदांची वाकण्याची ताकद प्लास्टिक सेक्शन मॉड्युलस या वेगळ्या मापावरून काढायला सांगतं. सेक्शन प्रॉपर्टीजच्या त्या यादीत तो नसतो. छेद कोणत्या वर्गात बसतो हेही ती यादी सांगत नाही.

राहिलं स्टील टेबल. भाच्याने त्याच अँगलचे कोपरे टोकदार ठेवून मॉडेल केलं आणि आयएक्सएक्स आला १३.१. टेबलात १२.९. फरक आतल्या-बाहेरच्या गोलाईचा. म्हणजे मॉडेल बरोबर आहे, एकक बरोबर आहे, अक्ष बरोबर आहे, हे त्याला अर्ध्या मिनिटात कळलं ते टेबलामुळेच. १,३१,००० मिमी⁴ म्हणजे १३.१ सेमी⁴ हे मात्र त्याने मोबाइलवर भागून पाहिलं.

जाताना त्याला माझं कव्हर निघालेलं जुनं स्टील टेबल दिलं. चार पानं उलटली आणि विचारतो, "मामा, यात सर्च कुठेय?"