व्हिक्टोरियन टेराकोटा ‘जगात एकमेव’? खुलासा

‘व्हिक्टोरियन (ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या) इमारतींवरचं प्रत्येक टेराकोटा (भाजलेल्या मातीचं) शिल्प हाताने कोरलेलं, जगात एकमेव असतं’ असा मजकूर जुन्या वस्तू जमवणाऱ्यांमध्ये फिरतो आहे. हे खरं नाही. आधी नमुना घडवत, त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढत आणि त्यात माती हाताने दाबून बसवत. एका साच्यातून अनेक नग निघत. लंडनचं १८८१ साली उघडलेलं नॅचरल हिस्टरी म्युझियम पाहा: वास्तुकार वॉटरहाउसने रेखाटलेले तेच प्राणी भिंतींवर पुन्हा पुन्हा भेटतात.

हात लागलाच नाही, असं मात्र नव्हे. साच्यातून निघालेल्या ओल्या मातीवर केसांची बट, पानाची कड कोरणीने उठवली जाई. नग घेताना आधी पाठ बघा, माती हाताने दाबल्याच्या खुणा तिथे दिसतात: आतून पोकळ, मध्ये मातीच्या आडभिंती, कधी चक्क बोटांचे ठसे. माती सुकताना-भाजताना आक्रसते, त्यामुळे जुन्या नगावरून साचा काढून केलेली मातीची नक्कल मूळापेक्षा लहान भरते.

आणि कृपा करून सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून सफाई) करू नका. भाजताना वर आलेला कडक थर त्याने निघून जातो, मग पाणी मुरायला लागतं.