क्रेडिट देऊ की!

बोरा बाजारातून कॅमेरा घेतलात, लेन्स घेतलीत, दुकानदाराच्या आग्रहाखातर फिल्टर, बॅग आणि काच पुसायचं फडकंही घेतलंत. म्हणजे खर्चाचा भाग संपला. (घरी असंच सांगा.) आता उरलं ते अगदी सोपं आहे: काढलेले फोटो जागेवर लावायचे, चार लोकांना दाखवायचे आणि विकून कॅमेऱ्याचा हप्ता फेडायचा. या तिन्ही बाबतींत मुंबईतल्या हौशी मंडळींनी उत्तम पायंडे पाडून ठेवलेत. उगाच वेगळं काही करायला जाऊ नका.

फोटो कुठं काढायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. रविवारी पहाटे ससून डॉक किंवा दादरचा फुलबाजार, संध्याकाळी वांद्र्याच्या किल्ल्यावरून सी-लिंक, थंडी पडली की शिवडीला फ्लेमिंगो. सीएसएमटीसमोर तर महापालिकेनं सेल्फी पॉइंटच बांधून दिलाय, तिथं कोन शोधायचेही कष्ट नाहीत. पाडव्याला गिरगाव. नऊवारी, नथ, गॉगल आणि बुलेट असा सगळा सरंजाम घेऊन ती मुलगी आली, की तिच्यासमोर उलटं चालणाऱ्या पंचवीस जणांत घुसायचं. तुमच्या फोटोत दुसऱ्याची कोपरं येतील, दुसऱ्याच्या फोटोत तुमचं टक्कल. हरकत नाही, तेवढीच ओळख होते. आपल्या चाळीचा जिना, गॅलरीत गहू निवडत बसलेल्या आजी, कोपऱ्यावरचा इराणी यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथं उजेडही नसतो आणि लाइकही.

बटण दाबलं की सोडायचं नाही. कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो ते उगाच नाही. त्या दहांतला एक तरी बरा येईल ही जबाबदारी आता कंपनीची. घरी आल्यावर ते दहाही ठेवा. कुठला पुसायचा हे ठरवायचं म्हणजे दहाही बघावे लागतात, आणि फोटो बघणं हा आपला छंद नाही. आपला छंद फोटो काढणं हा आहे. या दोन्हींत गल्लत करणारी माणसं वर्षाला जेमतेम चाळीस चांगले फोटो घेऊन बसतात आणि आयुष्यात मागं पडतात.

कार्ड लॅपटॉपला लावून नवं फोल्डर केलं, की त्याला ‘न्यू फोल्डर’ हे नाव आपोआप मिळतं. त्याचं नाव बदलू नका. पुढच्या रविवारी ‘न्यू फोल्डर २’ होतं, मग ३. कधी अगदीच शिस्तीचा झटका आला तर ‘दादर फायनल’ नाव द्या, आणि महिन्याभरानं ‘दादर फायनल खरं’. फाइलींची नावं कॅमेऱ्यानं दिलीत तीच राहू द्या. निकॉन असेल तर ‘डीएससी’ आणि पुढं चार आकडे. हे आकडे ९९९९ झाले की गाडी पुन्हा ०००१ वर येते, त्यामुळं काही वर्षांत एकाच नावाचे तुमच्याकडं चार फोटो होतात: एक विसर्जनाचा, एक भाचीच्या बारशाचा, एक फ्लेमिंगोचा आणि एक लेन्सचं झाकण काढायला विसरल्याचा. मग कधीतरी दोन फोल्डर एकत्र करायला गेलात की संगणक विचारतो, जुनी फाइल बदलू का? हो म्हणा. तेवढीच जागा होईल.

लाइटरूम नावाचं सॉफ्टवेअर घ्याच. त्यात प्रत्येक फोटोला एक ते पाच तारे देता येतात. सगळ्यांना चार द्या. पाच दिले तर गर्व दिसतो आणि तीन दिले तर आपल्याच लेकराचा अपमान होतो. तिथं म्हणे शब्दही जोडता येतात. जागा, माणूस, प्रसंग असे. म्हणजे ‘पाऊस, परळ, छत्री’ असं लिहून ठेवलं की पाच वर्षांनी दोन शब्दांत फोटो सापडतो. हे काम फार कंटाळवाणं असल्यामुळं निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवा. आणखी एक. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये मूळ फोटो नसतात, ते डिस्कवर कुठं आहेत याची फक्त नोंद असते. तेव्हा अधूनमधून सॉफ्टवेअरला न सांगता फोल्डर इकडचं तिकडं करत जा. मग फोटोंवर बारीक उद्गारचिन्हं उमटतात. तुमच्या कामाकडं पाहून कुणाला तरी उद्गार काढावासा वाटला, हे काय थोडं आहे?

बॅकअपचा एक नियम जाणकार सांगतात: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. पहिल्या दोन अटी पाळायला हरकत नाही. लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्क एकाच टेबलावर, एकाच गळक्या खिडकीखाली ठेवून त्या भागतात. तिसरीची चैन कशाला? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तळमजल्यावरच्या कपाटांतले लग्नाचे अल्बम भिजून पानं एकमेकांना चिकटली, त्या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. पाऊस एवढं लक्षात ठेवून थोडाच येतो.

तुम्ही म्हणाल, व्यवस्था नसली म्हणून काय अडलं? काही अडत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टची जुनी डिझेलवरची दुमजली बस गेली. तुमच्याकडं या दोन्हींचे शेकड्यानं फोटो आहेत, कारण तेव्हा पाऊस असला की काचेवर थेंब आणि मागं काळी-पिवळी हा फोटो सक्तीचा होता. समजा उद्या कुणी अगदी गंभीरपणे विचारलं, की पद्मिनीच्या आतलं छत दिसेल असा फोटो आहे का? ते फुलाफुलांचं रेक्झिन, मीटर बाहेर डाव्या अंगाला, आरशाला लटकलेला लिंबू. तुम्हाला पक्कं आठवतं, आहे. ड्रायव्हरनं आरशातून बघितलंही होतं. कुठल्या डिस्कवर, कुठल्या न्यू फोल्डरमध्ये, एवढाच काय तो तपशील. अशा वेळी ‘शोधून पाठवतो’ म्हणायचं आणि फ्लेमिंगो पाठवायचे.

घरची डिस्क भरली की इंटरनेटवर फुकट जागा मिळते. कायमची. फ्लिकरनं २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट फुकट दिली होती. २०१८ मध्ये मालक बदलले आणि फुकटवाल्यांना हजार फोटोंची मर्यादा आली. फोटोबकेटवर फोटो ठेवून लोक ते आपापल्या पानांवर दाखवत असत. २०१७ मध्ये कंपनीनं त्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि एका फटक्यात असंख्य पानांवर फोटोंच्या जागी पैसे भरा अशी पाटी लागली. गूगल फोटोजनं २०१५ मध्ये थोडे दाबलेले फोटो हवे तितके ठेवा म्हणून सांगितलं. १ जून २०२१ पासून नव्या फोटोंची मोजणी १५ जीबीत सुरू झाली, त्यातच जीमेलही. आता तुमचे चौदा हजार कबुतरांचे फोटो आणि बँकेचं स्टेटमेंट एकाच खोलीत दाटीवाटीनं राहतात. मुंबईकराला यात नवीन काय? पण यावरून ‘फुकट जागा म्हणजे पागडीची खोली, मालक कधीही बदलतो’ असला निष्कर्ष काढून कुणी पैसे भरून जागा घेतली, तर त्याला हसा.

आता दाखवणं. फोटो सगळ्यात आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कुटुंबाच्या ग्रुपमध्ये टाका, आणि साधा फोटो म्हणूनच टाका, म्हणजे तो दाबून बारीक होऊन जातो आणि कुठल्या दिवशी कशानं काढला ही आतली माहितीही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचेल, पण मग तो उघडावा लागतो. आत्याला तेवढा वेळ नाही. फोटो टाकल्यावर दोन मिनिटांत ‘मस्त!!’ येईल. तो आधीच्या, काकांच्या सुविचारालाही असू शकतो. खोलात जाऊ नका.

इन्स्टाग्रामवर फोटो नाही, ग्रिड महत्त्वाची. सी-लिंकच्या एका फोटोचे नऊ तुकडे करून असे टाका, की प्रोफाइलवर जुळून एक चित्र दिसावं. इतरांना मात्र सलग नऊ वेळा नुसती केबल दिसली पाहिजे. पूर्वी तिथं सगळं चौकोनी होतं, २०१५ मध्ये आडवे-उभे फोटो चालू लागले, आणि २०२५ मध्ये प्रोफाइलवरच्या चौकटी उभट झाल्या. वर्षानुवर्षं रचलेल्या ग्रिडमधली टोकं एका सकाळी कापली गेली. घाबरू नका, नव्यानं सगळं कापून टाका. नोकरी सांभाळून दोनतीन वर्षांत होईल.

वॉटरमार्क विसरू नका. आडनावापुढं ‘फोटोग्राफी’ जोडा, वेलबुट्टीची अक्षरं घ्या, आणि कोपऱ्यात नव्हे, कोपऱ्यातलं कुणीही कापतं, तर बरोबर मधोमध, बाईच्या नाकावर टाका. एवढा फोटो चोरून कोण नेणार, असा प्रश्न बघणाऱ्याला पडला की समजा फोटो सुरक्षित आहे.

आता मुख्य गोष्ट, पैसा. स्टॉक एजन्सीच्या संकेतस्थळांवर फोटो विकले जातात आणि तिथं डॉलर मिळतात. शटरस्टॉकनं २०२० मध्ये नवा हिशेब आणला: १५ टक्क्यांपासून सुरुवात, फोटो खपतील तसं ४० पर्यंत चढायचं, आणि दर १ जानेवारीला पुन्हा पहिल्या पायरीवर उतरायचं. नव्या वर्षाचा संकल्प करायची सवय असलेल्या माणसाला यात जड काय! एका डाउनलोडचे कमीत कमी १० सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये. वडापाव हवा असेल तर दोघा परदेशी गिऱ्हाइकांनी एकाच दिवशी मनावर घ्यायला हवं. अ‍ॅडोबी स्टॉकवर फोटोचे ३३ टक्के मिळतात, पण २५ डॉलर साठल्याशिवाय हातात काही पडत नाही. त्याआधी डब्ल्यू-८बेन नावाचा अमेरिकी कराचा फॉर्म भरा, म्हणजे तिथल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्केच कर कापतात. अमेरिकेच्या तिजोरीत आपला पंधरा टक्के वाटा आहे, ही भावना पैशांत मोजता येत नाही. मोजू पण नका.

शिवाय, फोटोत ओळखू येणाऱ्या माणसाची लेखी संमती लागते. जाहिरातीसाठी विकायचा तर लागतेच. तेव्हा पहाटे साडेपाचला ससून डॉकवर, ओल्या फरशीवर, बर्फाच्या पाण्यात उभं राहून, डोक्यावर बोंबलाची पाटी घेतलेल्या मावशींपुढं दोन पानी इंग्रजी फॉर्म धरा.

“मावरं घेतोस का? नाय तर हो बाजूला.”

ही तोंडी संमती समजली जात नाही. मग दुकानांच्या पाट्या पुसा, टॅक्सीवरचा बोधचिन्हाचा ठिपका पुसा, बसवरची जाहिरात पुसा, आणि उरलेली मुंबई अपलोड करा. ती ‘सारखेच फोटो’ या कारणानं परत येईल. इथं एजन्सीचं काय चुकलं ते मला अजून सांगता आलेलं नाही; सीएसएमटी समोरून तिच्याकडं आधीच पुष्कळ आहे. परत आलेला फोटो पुन्हा बघायचा नाही, हे ठरलेलंच आहे. दुसऱ्या एजन्सीकडं पाठवायचा.

ऑनलाइन जमत नसेल तर गिऱ्हाईक घरातच असतं. चुलत भावाच्या मुलाची मुंज निघते. “तू असताना फोटोग्राफर कशाला?” या वाक्यात मान आहे, तो घ्या. पैशांचा विषय काढू नका. कायदाही तुमच्याच बाजूनं आहे: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. मात्र कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढला आणि वेगळा करार नसला, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे भावानं दोन पैसे दिले असते तर फोटो त्याचे झाले असते. फुकट काढल्यामुळं मातृभोजनाचे तीनशे ऐंशी फोटो, ज्यांत बटूच्या तोंडात लाडू आहे, तुमच्या नातवंडांपर्यंत तुमच्याच मालकीचे राहतात. अजून निवडून दिलेले नाहीत, त्यामुळं भाऊ बोलत नाही, हा वेगळा भाग.

आणि प्रसिद्धी? ती मंडळाकडून. गणपतीत तुम्ही काढलेला मूर्तीचा फोटो कार्यकर्ते मागायला येतात. मोठी फाइल द्या भाऊ, आणि ते मधलं नाव जरा काढून. पैशांचं काय विचारलंत तर उत्तर तयार असतं: “क्रेडिट देऊ की!” द्या. कुठल्याही गॅलरीत मिळणार नाही अशी भिंत तुम्हाला मिळते. दुसऱ्याच दिवशी नाक्यावर वीस फुटी फ्लेक्स लागतो. मूर्ती तुमची, म्हणजे तिचा उजवा हात. बाकी मंडळाच्या भाऊंच्या फोटोखाली गेली. भाऊंच्या खाली मार्गदर्शक, त्यांच्या खाली दोन रांगांत शुभेच्छुक, प्रत्येकाचं नाव ठळक, प्रत्येकाचा गोल फोटो. तुमचं नाव शोधू नका, मान दुखेल. पुढच्या वर्षी वर्गणी जरा सढळ हातानं द्या, म्हणजे शुभेच्छुकांत तुम्हीही याल. फोटो मात्र स्वतःचा लागतो, पासपोर्ट साइज. तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओत काढून घ्या. तो माणूस एकच फोटो काढतो, उद्या या म्हणतो, आणि पैसे आजच घेतो.