केशवसुतांना अर्धंच कार्ड?

मराठीच्या प्राध्यापकीची पात्रता परीक्षा चार दिवसांवर आलेल्या माणसाने एसटीत कार्डं पसरून बसू नये. रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे मालगुंडला मावशीकडे निघाले होते. जुन्या लग्नपत्रिका कापून पाठकोऱ्या बाजूवर एकेक लेखक बसवला होता: जन्म, मृत्यू, मुख्य पुस्तकं, खलास.

शेजारी एक आजोबा, मांडीवर ताजा उतरवलेला फणस. मे महिन्यात मालगुंडला फणस कशाला न्यावा लागतो, हे मी विचारलं नाही. त्यांनी मात्र सगळं विचारलं.

"हे लग्न झाला काय गो?" मर्ढेकर उलटे करून ते म्हणाले.

"कधीच झालं, आजोबा."

"जेवण कसा होता?" मग पुन्हा सुलटे करून, "नि हे कोण?"

"मर्ढेकर. 'काही कविता', 1947."

"असतील. आमचे केशवसुत खंयत?"

केशवसुत निघाले अर्ध्या कार्डावर. खालच्या अर्ध्यात रेव्हरंड टिळक.

"अर्धा? मालगुंडच्या माणसास अर्धा, नि त्या मर्ढेकरांस अख्खा? नि हुबळी कशाला लिवलंस?"

"1905 साली तिथं प्लेगने गेले ना."

"माणूस मरतो खंय पण! जन्मला मालगुंडास, ते लिव मोठ्ठा." तोवर माझं पेन त्यांच्या हातात गेलं होतं. 1866 खाली दोन रेघा, इतक्या जोरात की पलीकडच्या वधूपित्याला भोक पडलं.

कंडक्टरला राहवेना. "आजोबा, गावात स्मारक आहे की त्यांचं. कार्ड अर्धं असलं म्हणून काय झालं?"

"तू तिकिटा फाड."

"आता फाडत नाहीत, मशीनमधून येतात."

यावर दोघांचं गणपतीपुळ्यापर्यंत चाललं. कार्डं आजोबांच्याच हातात.

तसं आजोबांचं काय चुकलं? परीक्षेत दोन तासांत 100 प्रश्न. जोड्या लावा, कालानुक्रम लावा. 'रथचक्र' कादंबरी आधी की 'कोंडुरा'? 1962, 1966, झाले गुण. त्या 'रथचक्र'मधली बाई पोरांना शिकवायला किती झिजते, याला गुण नाहीत. आरती प्रभू म्हणजेच खानोलकर, एवढं ठाऊक असलं की कविता न वाचताही भागतं. मी मेली रात्र रात्र जागून कादंबऱ्या वाचत बसले, आणि गाईड पाठ करणारी आमच्या वर्गातली मुलगी आधीच्याच खेपेला पास होऊन कॉलेजात शिकवायलासुद्धा लागली.

वळणावर फणस कलंडला. देठाचा चीक थेट कार्डांवर. 'ययाति' 'कोंडुरा'ला अशी चिकटली की घरी खोबरेल चोळावं लागलं. चीक सुटला, सोबत साल आणि पुरस्कारही गेले.

मालगुंड आलं. आजोबांनी वरचं कार्ड धोतराला पुसून नीट पाहिलं.

"केशवसुतांस काय लागला नाय. बाकीचे लिव परत."