हस्त नक्षत्र, चौथा चरण

बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो, असे आपल्याकडे सर्वजण फार उदारपणे सांगतात. या मानात नाव निवडण्याचा अधिकार येत नाही, निवडलेल्या नावाबद्दल पुढे जन्मभर बोलणी खाण्याची जबाबदारी तेवढी येते, हे मला दादाला मुलगी झाली तेव्हा नीट उमगले. कायदा या बाबतीत विलक्षण समंजस आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो, तो १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येतो आणि विलंब शुल्क दिल्यास चक्क १५ वर्षांपर्यंत भरता येतो. सरकारने १५ वर्षे दिली होती. आईने १२ दिवस दिले.

पहिला अडथळा थेट आकाशातून आला. मुलगी हस्त नक्षत्राच्या चौथ्या चरणावर जन्मली. हस्ताच्या चार चरणांची अक्षरे पंचांगात अनुक्रमे पू, ष, ण आणि ठ अशी दिलेली असतात, आणि ती ज्यांनी वाटली त्यांच्या स्वतःच्या घरी बारसे करण्याचा प्रसंग कधी आला नसावा, असा माझा संशय आहे. पहिल्या चरणावर आलेल्या बाळाच्या वाट्याला पू येतो, जो मराठी माणसाला फक्त गळवातला ठाऊक आहे. तिसऱ्या चरणाच्या ण ने सुरू होणारे नाव तर कुणी ऐकलेलेही नसेल. त्या मानाने तुम्हाला ठ मिळाला, म्हणजे तुम्ही सुटलात, असे गुरुजींचे मत पडले. आम्ही शब्दकोश उघडला. ठक, ठग, ठणठणाट, ठसका, ठिगळ, ठेच, ठोंब्या, असा तो सगळा परिवार होता. त्यातल्या त्यात 'ठुमरी' हा एक शब्द बऱ्या घरचा वाटला, पण वहिनीने तो नुसत्या नजरेने निकालात काढला. दादाचा थोरला मुलगा पाचवीत आहे. त्याने त्याच संध्याकाळपासून बहिणीला 'ठमी' म्हणायला सुरुवात केली आणि आईची बोलणी खाल्ली. अखेर गुरुजींनीच तोड काढली. ठ नावरस नावापुरता ठेवावा आणि व्यवहारातले नाव राशीवरून घ्यावे. रास कन्या आहे आणि कन्येला प मुबलक आहे.

मुलगा की मुलगी हे आधी कळण्याची वाट १९९४च्या कायद्याने बंद केलेली असल्यामुळे, आणि ती बंद आहे हेच बरे, आम्ही पोट दिसू लागल्यापासूनच दोन याद्या करून ठेवल्या होत्या. त्या तपासायला समोरच्या घरातील, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले सर स्वखुशीने येत असत. बाळाचे नाव ठरवताना संस्कृत जाणणाऱ्या माणसाला घरात घेऊ नये. मुलांच्या यादीतील 'कौशिक' वाचून सर प्रसन्न हसले आणि म्हणाले, "वा! इंद्र, गुग्गुळ, घुबड आणि गारुडी." वहिनीला त्यातले फक्त घुबड ऐकू आले. मग दादाने, यात तरी काही निघणार नाही अशा खात्रीने, 'हरी' पुढे केले. सरांनी चष्मा पुसला आणि विष्णू, इंद्र, सूर्य, चंद्र, वारा, सिंह, घोडा, पोपट, साप, माकड असे करत ते बेडकापर्यंत येऊन पोहोचले. "बेडूक?" दादाने क्षीण आवाजात विचारले. "हो, आणि यमही," सर म्हणाले. मुलींच्या यादीतील 'शिवा'ची त्यांनी कोल्ही केली. आमचे चेहरे पाहून त्यांनी धीर देण्यासाठी ऐतरेय ब्राह्मणातील अजीगर्ताची गोष्ट सांगितली. त्याने आपल्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल अशी ठेवली होती, आणि तिन्हींचा सरळ अर्थ कुत्र्याचे शेपूट असाच होतो. पुढे त्याने मधल्याला शंभर गाईंच्या बदल्यात विकून टाकले, म्हणजे त्याच्याकडून नावाच्या बाबतीत अधिक अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता.

आईला अर्थाशी काही देणेघेणे नाही, ती चारित्र्य पाहते. 'पृथा' हे नाव मला फार आवडले होते. आई म्हणाली, "पृथा म्हणजे कुंतीच ना? पोर नदीत सोडलं तिने." 'पांचाली'वर तर ती काही बोललीच नाही, फक्त हाताची पाच बोटे दाखवून स्वयंपाकघरात निघून गेली. वास्तविक तिच्या माहेरच्या वंशावळीत धोंडू, भिकाजी, केरबा अशी मंडळी ओळीने बसलेली आहेत. आधीची मुले जगली नाहीत की पुढच्याला मुद्दाम असे नाव द्यायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि काळही ढुंकून पाहत नाही, असा तो हिशेब होता. धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले तेव्हा कुणाच्या मनात दगड आला असेल असे मला वाटत नाही. 'नकुशी' या नावाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे दृष्टीबिष्टीची सबब नव्हती, मुलगी खरोखरच नको होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. त्यावर विनोद करण्याची माझी इच्छा नाही.

प च्या यादीवर शेवटची कुऱ्हाड चालवली ती दोघांनी. वहिनीचा भाऊ मेलबर्नला असतो आणि प्रत्येक नाव रोमन लिपीत लिहून तो तिकडच्या बालवाडीच्या कानांनी ऐकतो. 'पूर्वा'चे पहिले अक्षर तिकडची पोरे शी झाल्यावर वापरतात, असे त्याने व्हिडिओ कॉलवर गंभीरपणे सांगितले. म्हणजे पू ने इथेही सोडले नाही आणि तिथेही नाही. 'पलक' त्याने लिहून दाखवले तेव्हा मात्र सर्वांनाच पटले, कारण त्या स्पेलिंगमध्ये पापणी कुठे संपते आणि पालेभाजी कुठे सुरू होते ते ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

दुसरा तज्ज्ञ पाचवीतला. अर्थ, चारित्र्य आणि स्पेलिंग या सर्व चाळण्यांतून 'पावनी' सुखरूप खाली आली होती. सर खूश होते, आईने मान डोलावली होती, मेलबर्नहून अंगठा आला होता. भाच्याने पुस्तकातून डोके वर काढले, "पावभाजी" एवढेच म्हटले आणि पुन्हा डोके खाली घातले. "अरे, इतके पवित्र नाव..." मी सुरुवात केली. "आत्या, नाव कितीही पवित्र असलं तरी मधल्या सुट्टीत काय होतं ते तुला माहीत नाही. आमच्या वर्गात एक शौनक आहे, त्याला काय म्हणतात सांगू?" सांगू नकोस, असे सर्वजण एका सुरात म्हणाले.

अखेर अकराव्या दिवशी रात्री 'प्राजक्ता' टिकले. सरांनी बराच वेळ आठवून पाहिले आणि काहीशा नाराजीने सांगितले की संस्कृतात शब्द पारिजातक; प्राजक्त ही मराठीची करणी, त्यामुळे कोशात त्याला माकड, बेडूक वगैरे काहीही नाही. आईला फुले चालतात. मेलबर्नच्या मताप्रमाणे तिकडचे लोक 'प्राज'पर्यंत येऊन थकतील, वाईट अर्थापर्यंत पोहोचण्याची ताकद त्यांच्यात उरणार नाही. आणि आद्याक्षरे लिहिली की मुलगी आपोआप 'प्रा.' होते, हे ध्यानात आल्यावर दादा झोपायला गेला.

बारशाच्या दिवशी गुरुजींनी ताटातल्या तांदळात अंगठीने देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार नावे लिहिली. तोवर पाळण्याभोवतीच्या बायका मुलीला बिनदिक्कत ठमी म्हणत होत्या, आईसुद्धा. मी वाकून बाळाच्या कानात कुर्र केले आणि रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे पडू लागले. बाकीच्यांचे हलके होते. 'ठुमरी' सुचवल्याचा हिशेब वहिनीने तेवढ्यात पुरता चुकता करून घेतला.