अल्फ्रेडला स्वप्न पडलं नव्हतं

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर वर्गणीचा हिशेब आणि पावसाच्या बातम्या यांच्या मधे एक मजकूर सारखा येतोय. या आठवड्यात चौथ्यांदा आला. पहिल्या तीन वेळा सोडून दिला. चौथ्यांदा खाली पोरांनी ‘बरोबर आहे’ असं लिहिलेलं बघितलं आणि राहवलं नाही.

मजकूर थोडक्यात असा: ‘द डार्क नाइट राइजेस’ या सिनेमाच्या शेवटी बॅटमॅन, म्हणजे गोथम शहरातला ब्रूस वेन, मरतो. त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या घरच्या नोकराला, अल्फ्रेडला, नंतर फ्लॉरेन्सच्या कॅफेत दिसलेला ब्रूस हे त्या म्हाताऱ्याचं स्वप्न आहे. एक, तेच दृश्य त्यानं आधी आपली इच्छा म्हणून सांगितलेलं असतं. दोन, शहर वाचवायला बॉम्ब समुद्रावर नेताना, तो फुटायला पाच सेकंद उरलेले असताना बॅटमॅन अजून विमानातच दिसतो. तीन, पोलीसप्रमुख गॉर्डन कबरीपाशी ज्या कादंबरीतलं वाचतो तिचा नायक दुसऱ्यासाठी जीव देतो. चार, दिग्दर्शक नोलन आहे आणि ‘इन्सेप्शन’मध्ये शेवट खरा की स्वप्न, असा हाच डाव त्यानं टाकला होता. आणि पाच, ब्रूस जिवंत राहिला असेल तर त्याच्या बलिदानाला किंमत काय?

२० जुलै २०१२ ला, शुक्रवारी, सिनेमा लागला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. पाट्यांवर अजून बेळगावच होतं, बेळगावी व्हायला २०१४ चा नोव्हेंबर उजाडायचा होता. कन्नड डबिंग त्या काळी होतच नव्हतं, त्यामुळं इंग्रजी बघायचा की हिंदी यावरून वडगाव आणि शहापूरच्या पोरांत दोन तट. शेवटी इंग्रजीला गेलो. खलनायक बेनच्या तोंडावरच्या त्या मुखवट्यातून येणारा आवाज अर्ध्या रांगेला कळत नव्हता. दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, ‘काय म्हणाला रे?’ जवळजवळ पावणेतीन तासांचा सिनेमा. आमचा खानापूरचा मित्र समुद्रावर स्फोट झाल्याबरोबर शेवटच्या बससाठी उठून पळाला. बॅटमॅन मेला असंच तो कित्येक वर्षं मानत होता. हा मजकूर पुढं पाठवणाऱ्यांतही तो आहे, म्हणून हे मुख्यतः त्याच्यासाठी.

इच्छेचा मुद्दा आधी घेतो. अल्फ्रेड काय सांगतो ते नीट आठवा. ब्रूस सात वर्षं गोथमबाहेर होता, तेव्हा अल्फ्रेड दरवर्षी सुट्टीत फ्लॉरेन्सला जायचा, आर्नो नदीकाठच्या कॅफेत बसायचा. समोरच्या टेबलावर ब्रूस बायकोमुलांसह बसलेला दिसावा, दोघांनी एकमेकांशी एक शब्दही बोलू नये, पण पोरगं सुखात आहे एवढं कळावं, असं त्याला वाटायचं. हे तो मनाशी म्हणत नाही, ब्रूसला तोंडावर सांगतो. सगळी गोम इथं आहे. ज्याच्याबद्दलची इच्छा, त्यालाच ती ठाऊक आहे, जागेसकट. पुढं ब्रूसला आपण जगतोय हे जगाला कळू न देता एकाच माणसाला कळवायचं असेल, तर त्यानं कुठं जाऊन बसावं? अल्फ्रेडनं त्याला पत्ता देऊन ठेवला होता. स्वप्न म्हणणारे हे दृश्य अल्फ्रेडच्या डोळ्यांनी बघतात. एकदा ब्रूसच्या बाजूनं बघा.

शिवाय इच्छेत मुलं आहेत, शेवटी मुलं नाहीत. शेवटी ब्रूससोबत आहे सेलिना, जिनं ब्रूसच्या आईची मोत्यांची माळ चोरली होती ती. ब्रूस मेला असं मानून केलेल्या वारशाच्या यादीत ती माळ आहे आणि सापडत नाही, आणि कॅफेत सेलिनाच्या गळ्यात मोती आहेत. म्हाताऱ्याचं स्वप्न असतं तर त्यात एवढा नेमका हिशेब जुळला असता, असं मला वाटत नाही.

पण समजा, हेही सोडा. स्वप्न अल्फ्रेडचं, तर मग ब्रूसला यंत्रं पुरवणाऱ्या फॉक्सला काय झालं होतं?

ऑटोपायलटची, म्हणजे माणसाशिवाय विमान उडवणाऱ्या यंत्रणेची, गोष्ट घाईत निसटते, कारण ती पहिल्यांदा येते तेव्हा साध्या गप्पांसारखी येते. ब्रूसला नवं उडतं वाहन दाखवताना लुशियस फॉक्स सांगतो की सगळं ठीक आहे, फक्त ऑटोपायलट चालत नाही, तुझ्यासारख्या रिकाम्या डोक्यानं बघितलं तर जमेल. शेवटी बॉम्ब समुद्रावर न्यायची वेळ येते तेव्हा बॅटमॅन ऑटोपायलट नाही म्हणतो आणि स्वतः जातो. सगळं संपल्यावर फॉक्स इंजिनिअर पोरांना विचारतो, आपण तो दुरुस्त करू शकलो असतो का? उत्तर मिळतं, तो तर सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालाय. कुणी केला, तर ब्रूस वेननं. फॉक्सचा चेहरा आठवा.

आता महिने मोजा. बेननं गोथमला वेढा घातला तो जवळपास पाच महिने. म्हणजे बेननं कणा मोडून तुरुंगात टाकण्याच्या आधीच ब्रूसनं ते काम उरकलं होतं. तेव्हा ‘ऑटोपायलट नाही’ असं तो सांगतो ते जाणूनबुजून. मरायला निघालेल्या माणसाला असं खोटं बोलायची गरज पडत नाही. ज्याला आपण मेलो असं लोकांनी मानायला हवं असतं, त्यालाच पडते. हा प्रसंग घडतो तेव्हा अल्फ्रेड तिथं नाही, कुणी त्याला ते सांगतही नाही. कॅफेचं दृश्य उद्या कापून टाकलं तरी ब्रूस जगल्याचा हा पुरावा सिनेमात तसाच राहतो.

छतावरचा दुरुस्त झालेला बॅट-सिग्नल, म्हणजे बॅटमॅनला बोलवायचा दिवा, मात्र मी पुरावा धरत नाही. तो दिवा ब्रूसनं आधीही नीट करून ठेवला असेल. आपल्या बाजूचं आहे म्हणून कच्चं पक्कं म्हणून खपवायचं नाही.

आपल्याकडच्या माणसाला ही गोष्ट अवघड जाऊ नये खरं तर. लाक्षागृह आठवा. वारणावतात लाखेचा वाडा पेटला, आत सहा देह सापडले, हस्तिनापुरानं पांडवांचं सुतक पाळलं, उत्तरक्रिया केली. पण विदुरानं पाठवलेल्या माणसानं आग लागायच्या कितीतरी आधी भुयार खणून ठेवलं होतं. पांडव त्यातून बाहेर पडले आणि एकचक्रा नगरीत भिक्षा मागून राहिले. कीर्तनात ही कथा ऐकताना ‘पांडव जळाले, पुढचं सगळं कुंतीचं स्वप्न’ असं आपण कुणी म्हणत नाही, कारण भुयाराबद्दल आधी सांगितलेलं असतं. ऑटोपायलट हे या सिनेमातलं भुयार आहे.

पाच सेकंदांचा मुद्दा त्या मजकुरातला सगळ्यांत भक्कम. तसं दिसतं, नाकारत नाही. बॉम्बवरचा आकडा आणि बॅटमॅनचा चेहरा पाठोपाठ येतात, आणि तो कधी, कुठं उडी मारतो हे सिनेमा दाखवतच नाही. स्फोटाचा घेर मैलोगणती सांगितलेला असताना तो बचावला कसा, याचं उत्तर माझ्याकडं नाही, सिनेमाकडंही नाही. ही पटकथेतली फट आहे. पण याच सिनेमात शेअर बाजारावरचा हल्ला भर दिवसा सुरू होतो, काही मिनिटांचं काम म्हणून सांगितला जातो, आणि पाठलाग रस्त्यावर येतो तोवर काळोख पडलेला असतो. त्यावरून कुणी तो पाठलाग स्वप्नातला ठरवला नाही. जिथं घड्याळ आधीपासूनच ढिलं आहे, तिथं पाच सेकंदांवर एवढा मोठा निकाल टांगता येत नाही. निकाल कशावर द्यायचा, तर पात्रं स्वतः काय शोधून काढतात त्यावर.

कादंबरीबद्दल. गॉर्डन वाचतो तो डिकन्सच्या १८५९ च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’चा शेवट. सिडनी कार्टन गिलोटिनखाली जातो हे खरं. पण मजकूर लिहिणाऱ्यानं अर्धंच सांगितलंय. कार्टन मरतो तो चार्ल्स डार्ने या हुबेहूब त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या जागी, आणि डार्ने बायकोमुलीसह निघून जातो, जगतो. एक चेहरा, दोन माणसं, एक संपला आणि एक सुटला. बॅटमॅन आणि ब्रूस वेन यांना याहून चपखल जोडी कुठली शोधायची? बॅटमॅन संपतो, त्याचा पुतळा उभा राहतो. ब्रूस सुटतो. नोलनच्या तीन बॅटमॅन सिनेमांपैकी २००५ च्या पहिल्याच भागात ब्रूसनं सांगून ठेवलं होतं की माणूस म्हणून मला चिरडता येईल, प्रतीक म्हणून नाही. तिसरा भाग तेच पूर्ण करतो.

‘इन्सेप्शन’वर फार शब्द घालवायला नकोत. तो सिनेमाच स्वप्नांचा, शेवटी भोवरा फिरत राहतो, हे स्वप्न की खरं ते कळत नाही, तेही त्याच्या विषयातूनच. या तीन भागांत खोटं दृश्य आलं की ते खोटं आहे हे कळतं. पहिल्या भागातल्या विषारी धुराचे भास वेडेवाकडे दिसतात. तिसऱ्यात तुरुंगात ब्रूसचा मेलेला जुना गुरू रास अल गूल भेटतो तोही भास म्हणूनच उमगतो. फक्त शेवटच्या मिनिटाला नियम का मोडावा? आणि २०१४ मध्ये ख्रिश्चन बेलनंही एका मुलाखतीत आपलं मत सांगितलं होतं की ते स्वप्न नव्हे, खरंच घडलेलं होतं. अर्थात नटाचं मत म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सिनेमातलं आहे ते पुरेसं आहे.

आता पाचवा. बाकीचे चार चुकलेत एवढंच, पण या पाचव्यानं मला दुखतं.

जगला तर बलिदानाला किंमत काय, असं विचारणाऱ्यांनी त्या तुरुंगाचा भाग परत बघावा. त्या विहिरीसारख्या खड्ड्यातून बाहेर आल्यानंतरचा उघडा माळ आपल्या जोधपूरला, मेहरानगड किल्ल्याच्या परिसरात चित्रित झालाय. ब्रूस कमरेला दोर बांधून चढतो आणि दोनदा पडतो. तिथला म्हातारा कैदी त्याला सांगतो की तुला मरणाची भीती वाटत नाही, तिथंच तू कमी पडतोस. दोर सोडून चढ. आमच्या गावाकडं विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही हे शब्द न समजावता कळतात. कमरेला दोर आणि वर काका उभा असतो तोवर हातपाय नुसते पाण्यावर आपटतात. काका दोर सोडतो, नाकातोंडात पाणी जातं, आणि जीव वाचवायच्या धडपडीत पोहणं येतं. ब्रूस वर येतो तो जगायची ओढ परत आल्यामुळं. त्याआधीची आठ वर्षं तो वाड्यात काठी टेकत नुसता दिवस ढकलत होता, आणि बेनसमोर गेला तेव्हा त्याला मरण चाललं असतं. अल्फ्रेड त्याला सोडून जातो तो नेमका याच कारणासाठी, आईबापांनंतर वेन घराण्यातल्या आणखी एकाला पुरायची ताकद त्याच्यात नाही म्हणून. असा माणूस खड्ड्यातून बाहेर येऊन शेवटी मेलाच, तर त्या म्हाताऱ्या कैद्यानं शिकवलेलं सगळं वाया गेलं.

मी हे बेळगावात बसून लिहितोय. दर १७ जानेवारीला आम्ही, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या सीमालढ्यातल्या, १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जातो. लहानपणी आजोबांचा हात धरून जायचो. सिनेमातल्या माणसाची त्यांच्याशी बरोबरी मी करणार नाही. पण त्या गर्दीत आजोबांच्या वयाची अशीही माणसं उभी असायची, जी त्या लढ्यात लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन परत आली होती, नंतर शेती केली, दुकानं चालवली, नातवंडं खेळवली. ती वाचली म्हणून त्यांनी पणाला लावलेलं कमी होतं, असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. घरातून निघताना माणूस काय पणाला लावून निघाला, त्यावर त्याची किंमत ठरते. परत आला, तर घरच्यांचं नशीब.

अल्फ्रेडचं तेच. कबरीपाशी तो ब्रूसच्या आईबापांची माफी मागतो, तुम्ही माझ्यावर सोपवलं आणि मी सांभाळू शकलो नाही म्हणून रडतो. मायकेल केननं तो प्रसंग जसा केलाय, मला अजून तो बघवत नाही. त्यानंतर कॅफे, समोरच्या टेबलावर पोरगं, आणि फक्त मान हलवणं. आमच्या भागातल्या किती घरांतली पोरं पुण्याला, गोव्याला गेलीत. फोनवर ‘जेवलास?’ एवढंच विचारून आया फोन ठेवतात, आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस जातो. त्या मान हलवण्याला स्वप्न म्हणायचं, तर अल्फ्रेडला कबरीपाशीच सोडून द्यायचं. सिनेमानं तसं केलेलं नाही.

खानापूरच्या मित्राला काल फोन केला. म्हणाला, ‘बॉम्ब फुटल्यावर एवढं सगळं आहे होय?’ रविवारी तो बेळगावला येतोय. स्फोटापासून पुढंच लावणार आहे, त्याच्या आधीचं त्यानं बघितलंय.