नोलवेन लर्वाला चॅनेलने घडवलं नाही

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येतं: हे गायक चॅनेल घडवतं, प्रेक्षकांची मतं त्यांना मोठं करतात आणि पुढचा सीझन आला की लोक त्यांना विसरतात. फ्रेंच पॉपबद्दल तर हे सर्रास म्हटलं जातं. फ्रेंच गायिका नोलवेन लर्वाची कारकीर्द समोर ठेवली तर हे विधान टिकत नाही.

आधी ‘चॅनेलने घडवलं’ हे घेऊ. टीएफ-वन वाहिनीवरच्या ‘स्टार अकॅडमी’ या गाण्याच्या स्पर्धेचा दुसरा सीझन तिने डिसेंबर 2002 मध्ये जिंकला, तेव्हा ती 20 वर्षांची होती. पण व्हायोलिन ती लहानपणीच शिकली होती आणि शास्त्रीय गायनाचं शिक्षणही घेत होती. काही महिन्यांच्या तालमीत असा गळा तयार होत नाही. चॅनेलने तिला श्रोते दिले, हे मात्र मान्यच करायला हवं. 2003 मध्ये तिचं ‘कासे’ हे गाणं फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात टीव्हीच्या लाटेचा वाटा होताच.

‘लोक विसरतात’ म्हणणारे बहुधा 2009 पाशी थांबतात. त्या वर्षीचा तिसरा अल्बम तिने फेरो बेटांवरच्या तेइतुर या गायकासोबत केला. तो नाजूक, वेगळ्या वाटेचा होता आणि फारसा खपला नाही. गोष्ट इथेच संपली असती तर टीकाकार बरोबर ठरले असते.

डिसेंबर 2010 मध्ये तिचा ‘ब्रतॉन’ हा अल्बम आला. नोलवेनचा जन्म पश्चिम फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या सॅं-रनां गावचा. या अल्बममध्ये तिने तिथली लोकगीतं गायली, त्यातली काही थेट ब्रेतॉन भाषेत. ही वेल्शची नातेवाईक असलेली केल्टिक भाषा. एके काळी फ्रेंच शाळांमध्ये ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे आणि हा अल्बम आला तेव्हा ती बोलणारे जेमतेम 2 लाख उरले होते. त्या भाषेतली गाणी घेऊन आलेला हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि 10 लाखांहून अधिक खपला. स्पर्धा जिंकून 8 वर्षं झाली होती. दरम्यान फ्रान्समधली रेकॉर्डची बाजारपेठ निम्म्याहून खाली आली होती. हे यश जुन्या मतदानाचं उरलंसुरलं फळ कसं म्हणणार?

यावर उत्तर येतं की प्रांताच्या अभिमानावर ते विकलं गेलं. अभिमान होताच, आणि तो असण्यात गैर काय? पण ब्रिटनीची लोकसंख्या 30 लाखांच्या थोडी वर. प्रत्येक तिसरा माणूस दुकानात गेला, अगदी तान्ह्या बाळांसह, असं मानल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. आणि ‘त्री मार्तोलोद’सारखी ब्रेतॉन लोकगीतं तिथल्याच आलाँ स्तिवेल या संगीतकाराने 1970 च्या दशकातच देशभर पोहोचवली होती. सगळ्यांना ठाऊक असलेली चाल पुन्हा ऐकावीशी वाटायला लावणं हे गायिकेचंच काम.

शेवटी ‘ती अपवाद आहे’ हे उरतं. मग फ्रेंच गायिका लुआनचं काय? 2013 च्या ‘द व्हॉइस’ या टीव्ही स्पर्धेत ती उपांत्य फेरीत बाद झाली. 2015 मध्ये तिला अभिनयासाठी सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी आलेला तिचा पहिला अल्बमही 10 लाखांवर खपला आणि 2025 मध्ये बाझेलच्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत तिने फ्रान्ससाठी गाऊन सातवा क्रमांक मिळवला. स्पर्धांमधले अनेक चेहरे हरवले हे खरं, पण स्पर्धेशिवाय आलेलेही तितक्याच सहज हरवतात. नोलवेनने 2021 मध्ये गायक-संगीतकार बेंजामिन बियोलेसोबत नवा अल्बम केला, तेव्हा तिच्या विजयाला 19 वर्षं होत आली होती.