गिटारीचं ओलीत

पन्नाशी उलटली तसा आमच्या ऑर्केस्ट्राच्या गायकाचा आवाज उतरायला लागला आणि भुर्दंड मला, बेस गिटारवाल्याला, बसला. आधी गाणी ‘ई’ पट्टीत व्हायची, मग ‘डी’त, आणि यंदाच्या लगीनसराईत तो ‘सी’ची भाषा बोलू लागला. चार तारांच्या बेस गिटारीत, म्हणजे खर्जाच्या गिटारीत, सगळ्यात जाड तार ‘ई’ची. तिच्याखालचा सूर नाही. वरच्या सप्तकात वाजवून भागवता येतं, पण मग त्याला बेस कशाला म्हणायचं? गायक बदलण्यापेक्षा गिटार बदलणं सोपं, कारण गायक माझ्या बायकोचा मोठा भाऊ आहे.

पाच तारांची गिटार घरी आली. बाबांनी ती उलटीसुलटी पाहिली अन् विचारलं, “चार तारीले काय रोग आला होता बे?”

नवी ‘बी’ तार सेकंदाला जेमतेम 31 वेळा थरथरते; ‘ई’ 41 वेळा. सूर जुळवायच्या माझ्या क्लिपवाल्या ट्यूनरला ती ओळखूच येईना. मी ‘बी’ वाजवायचो, तो ‘एफ शार्प’ दाखवायचा. शेवटी बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे तोच सूर एक सप्तक वर, काढला, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. ॲम्प्लिफायरचा छोटा स्पीकरही तसलाच. ‘बी’ वाजवली की सूर ऐकू यायचा नाही, पण फळीवरच्या पितळी ताटल्या वाजायच्या.

त्यात तारा एवढ्या उंच की खालून मुंगळा डोक्यावर साखरेचा दाणा घेऊन आरामात गेला असता. नेक, म्हणजे गिटारीची दांडी, पुढे वाकली होती. तिच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती पिळली की नेक सरळ होते. पण किती वाकली हे मोजायला बारीक पत्त्या लागतात. त्या गावात एकाच माणसाकडे, टॅपेट सेट करणाऱ्या मोटरसायकल मिस्त्रीकडे.

“गाळा किती ठेवाचा भाऊ?”

“पॉइंट तीस मिलिमीटर.”

“मंग त काहीच नाही. तीसची पत्ती हाय आपल्यापाशी.”

मी एका हाताने पहिल्या अन् दुसऱ्या हाताने शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली. मिस्त्रीने आठव्या पडद्यापाशी पत्ती सारली, ती सळसळत आरपार गेली. “लय ढिल्लं हाय. चार आने पिळतो.” एलन की घालून त्याने पाव फेरा दिला. मी म्हणालो, आता एक दिवस थांबू, लाकडाला बसू दे. तो माझ्याकडे असा पाहायला लागला, जसा मी स्प्लेंडरला अंगाई गायला सांगितली. “हे काय पोट्टं हाय काय झोपवाले?” पण सैल पडलेल्या माझ्या जुन्या पट्ट्याला त्याने फुकटात एक रिव्हेट मारून दिला, म्हणून मी गप्प बसलो.

मग मे महिना. दिवसा पंचेचाळीसची कोरडी झळ, रात्री कूलरचा ओला वारा. नेक सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. लाकूड आकसलं, धातूचे पडदे काही आकसले नाहीत, त्यामुळे त्यांची टोकं बाजूने बाहेर आली आणि डाव्या हाताला सराटे टोचायला लागले. म्हणून मी दिवसाही कूलर लावून त्याचं तोंड गिटारीकडे केलं. तेव्हा बायको जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

आणखी एक घोर होता. ॲम्प्लिफायर लावला की घूंऽऽ. तारांना हात लावला की गप्प, सोडला की पुन्हा घूंऽऽ. लाइनीची घरघर 50 हर्ट्झची, म्हणजे जवळजवळ ‘जी’. त्या पट्टीतलं गाणं असलं तर खपून जाते. वायरमन म्हणाला, “अर्थिंग सुकलं हाय. खड्ड्यात मीठ-कोळसा टाका अन् रोज पानी सोडा.” आमच्याकडे नळ चार दिवसांआड. बाबा पाण्याचा गुंड घेऊन खड्ड्यापाशी उभे राहिले. “संत्र्याले पानी नाही अन् याच्या गिटारीले ओलीत!” पण ओतलं.

घरघर थांबली. राहिला माझा हात. अठरा वर्षं त्याला एवढंच ठाऊक, की सगळ्यात जाड ती ‘ई’. पहिल्याच हळदीत ‘जी’तलं गाणं लागलं आणि बोट सवयीने जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर गेलं. तिथे आता ‘डी’ राहतो. मी अख्खं धृपद भलत्याच सुरांत वाजवलं. कीबोर्डवाल्याला वाटलं आपलं पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटन दबलं, त्याने ते दाबलं. गायकाला वाटलं आपणच चढलो, तो आणखी खाली उतरला. अंतऱ्यापर्यंत तिघं तीन गावांत. मांडवात कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त जेवणाच्या पंगतीत एक म्हातारे म्हणाले, “आज तुमचा जनरेटर लय घुमून राह्यला होता.”

परतताना गाडीत गायक माझ्या शेजारी बसला. “जवाईबापू, ‘सी’बी आता उंच पडून राह्यला. पुढच्या हंगामात ‘बी’ करू काय? नाहीच जमलं त सहा तारांचीबी भेटते म्हनतात.”

भेटते. पण तिची सहावी तार सहसा वरच्या सुराची असते, खालच्या नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.